डबलसीट नेण्यापूर्वी



ज्या गाडीवाटांवरून एके काळी बैलगाडी आणि सायकल एवढीच वाहनं जात, तिथून आज मोटारसायकल जाते. शेतकरी कारभारणीला मागे बसवून आठवड्याच्या बाजाराला जातो, लेक आईला दवाखान्यात नेतो. दोन गुरुजी एकाच गाडीवरून शाळा गाठतात, म्हणजे पेट्रोल निम्म्यावर येतं. वाडी-वस्तीवर एस.टी. जात नाही, गेली तरी दिवसातून एकदा. तेव्हा मागे कुणाला तरी बसवल्याशिवाय आपलं चालत नाही. मी आज 'डबलसीट जाऊ नका' असं सांगायला आलेलो नाही. जायचंच आहे, तर गाडी त्यासाठी तयार कशी करावी, एवढंच सांगणार आहे.

मोटारसायकल घेताना आपण ती चालवणाऱ्याच्या नजरेनं पाहतो. ॲव्हरेज किती देते, उचलते कशी, दिसते कशी. मागे बसणाऱ्याचा विचार दुकानात कुणी फारसा करत नाही. आणि खरी काळजी घ्यायची ती त्याचीच. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, पायाखाली ब्रेक असतो, पुढचा खड्डा त्याला दिसतो, त्यामुळे त्याचं अंग आपोआप सावध होतं. मागच्या माणसाला समोर दिसते ती चालवणाऱ्याची पाठ. धक्का बसेपर्यंत धक्का येणार हे त्याला कळत नाही. त्यानं आपला जीव विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो. आणि बहुतेक वेळा ती आपलीच आई असते, बायको असते, लेकरू असतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. एकट्याची गाडी आणि दोघांची गाडी ही एकच गाडी नव्हे. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. गोण्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त पडल्या की बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून जाणता माणूस ओझं किती हे जसं बघतो, तसंच ते कुठं ठेवलं हेही बघतो. मोटारसायकलीचंही तेच आहे. १०० सीसीची साधी गाडी साधारण ११० किलोची असते. तीवर ६५ किलोचा माणूस बसला की झाले १७५. मागे ६० किलोचं माणूस बसलं की झाले २३५. म्हणजे एकूण वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलं; आणि हे वाढलेलं वजन दोन्ही चाकांवर सारखं वाटलं जात नाही. मागची बैठक मागच्या चाकाच्या जवळजवळ वर असते, त्यामुळे नव्या ओझ्याचा मोठा भाग त्या एकाच चाकावर पडतो. मागचं टायर, मागच्या स्प्रिंगा, चेन, दिव्याचा झोत, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. तेव्हा तयारीही मागच्या चाकापासूनच सुरू करावी.

पहिली गोष्ट हवा. गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चेनकव्हरवर किंवा मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर हवेचे आकडे दिलेले असतात. मागच्या चाकाला दोन आकडे असतात, एक एकट्यासाठी आणि एक डबलसीटसाठी. लहान गाड्यांत पुढच्या चाकात २५, मागच्यात एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ किंवा त्याहून जास्त पौंड, असं प्रमाण पुष्कळदा आढळतं. परंतु प्रत्येक गाडीचा आकडा निराळा असतो, म्हणून आपल्या गाडीचा आकडा वाचूनच हवा भरावी. बोटानं दाबून 'ठीक आहे' म्हणू नये; टायरची ताकद बोटाला कळत नाही. हवा कमी असली की ओझ्याखाली टायरच्या बाजू पुन्हा पुन्हा दबतात, टायर तापतं आणि वळणावर गाडीचं बूड डोलायला लागतं. हवा भरायची ती टायर थंड असताना. दहा-पंधरा किलोमीटर पळून आलेल्या टायरमध्ये हवा तापलेली असते आणि आकडा फसवा दिसतो. ज्याची गाडी रोजच दोघांना घेऊन जाते त्यानं दोघांचाच आकडा ठेवावा. एरवी एकटं फिरणाऱ्यानं डबलसीट निघण्यापूर्वी हवा वाढवावी, नंतर पुन्हा एकट्याच्या आकड्यावर आणावी.

दुसरी गोष्ट स्प्रिंगा. मागे दोन्ही बाजूंना शॉकॲब्जॉर्बर असतात, त्यांना आपले मेकॅनिक 'शॉकअप' म्हणतात. त्यांच्या खालच्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. पुष्कळ गाड्यांत अशा पाच पायऱ्या असतात. गाडीबरोबर मिळालेल्या वाकड्या तोंडाच्या पान्यानं ही कडी फिरवली की स्प्रिंग थोडी दाबून बसते आणि ओझं पडल्यावर गाडीचं बूड खाली बसत नाही. कडी एकट्यासाठी खालच्या पायरीवर ठेवावी, दोघांसाठी एक-दोन पायऱ्या चढवावी. पथ्य एकच आहे. डावी आणि उजवी कडी एकाच पायरीवर पाहिजे. एक वर आणि एक खाली राहिली तर गाडी एका अंगाला झुकून चालते. काही नव्या गाड्यांना मधोमध एकच शॉकॲब्जॉर्बर असतो. त्याचं काम मेकॅनिककडून करून घेणं बरं.

तिसरी गोष्ट चेन. चेन मधोमध धरून वरखाली केली तर साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलावी. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. कुणी म्हणेल, डबलसीट जायचं तर चेन चांगली ताणून घ्यावी. हे उलटं आहे. मागे ओझं बसलं की मागचं चाक गाडीच्या मानानं वर सरकतं आणि चेन आपोआप ताणली जाते. रिकाम्या गाडीवरच ती टणक ताणलेली असेल, तर खड्ड्यात गाडी दबल्यावर तिला हलायला जागाच राहत नाही, आणि ताण येतो चेनवर, दातेरी चक्रांवर आणि बेअरिंगवर. म्हणून चेन बसवून झाल्यावर दोघांना गाडीवर बसवावं आणि तिसऱ्यानं हात लावून पाहावं. तेव्हाही थोडी ढील राहिली पाहिजे.

चौथी गोष्ट ब्रेक. ड्रमचा ब्रेक असेल तर मागच्या चाकाशी ब्रेकच्या दांडीवर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हा बाण समोरच्या खुणेपाशी पोहोचला की लायनर संपले असं समजावं. अशा गाडीवर दुसऱ्याला बसवू नये. एरवी एकटे असताना पुढच्या ब्रेकचा जोर लावला की मागचं चाक हलकं होतं. मागे माणूस असला की तेच चाक जड राहतं, म्हणून मागचा ब्रेक एकट्यापेक्षा चांगला धरतो. पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाब वाढवत लावावेत. एकदम कचकन दाबला की मागचा माणूस पुढे घसरतो, त्याचं ओझं आपल्या पाठीवर येतं आणि हँडल सांभाळणं अवघड होतं. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० वेगात जवळजवळ १७ मीटर. म्हणजे ब्रेककडे हात जाईपर्यंतच एवढी वाट संपलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. दोघं असाल तर पुढच्या वाहनापासून आणखी लांब राहावं.

पाचवी गोष्ट दिवा. ही फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. शिक्षक बंधु-भगिनींना विनंती आहे की हा प्रयोग एकदा मुलांसमोर करून दाखवावा. संध्याकाळी, अंधार पडता पडता, शाळेच्या भिंतीसमोर दहा पावलांवर गाडी सरळ उभी करा. चालवणारा एकटा बसू द्या आणि डिपर लावून झोताची वरची कड जिथं येते तिथं भिंतीवर खडूनं रेघ ओढा. आता मागे दुसरा माणूस बसवा. गाडीचं बूड खाली जातं, तोंड वर होतं आणि झोत रेघेच्या वर चढतो. दहा पावलांवर तो चार बोटं चढला, तर शंभर पावलांवर चाळीस बोटं चढणार, हे त्रैराशिक मुलं तोंडी सांगतील. हा झोत कुणाच्या डोळ्यांत जातो? समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या, बैलगाडीवाल्याच्या. तो आंधळा होतो, आणि आपल्यालाही रस्ता कमी दिसतो, कारण उजेड रस्ता सोडून झाडांवर पडतो. उपाय सोपा आहे. शॉकअपची पायरी चढवावी, तरी झोत वर राहिला तर दिव्याचा स्क्रू फिरवून तो पुन्हा रेघेवर आणावा. आरसेही याच वेळी, दोघं बसलेले असताना लावून घ्यावेत.

गाडीची तयारी झाली. आता बसणाऱ्याच्या जागेकडे वळू.

मागे बसणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: पाय ठेवायला फुटरेस्ट, धरायला कडी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून आडोसा. या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सांगितलेल्या आहेत. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे, असं तो नियम म्हणतो. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो याचसाठी आहे. नवी गाडी घरी आणली की काही तरुण मंडळी पहिल्यांदा साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतात, कुणी मागची कडीही काढतात. म्हणतात, गाडी चांगली दिसते. त्यांनी एवढाच विचार करावा की पदर किंवा ओढणी फिरत्या चाकात गेली की चाक थांबत नाही, ते कापड ओढत राहतं. कापड खांद्यावर असलं तर माणूस खाली ओढला जातो. ओढणी गळ्याभोवती असली तर पुढचं बोलायला नको. अशा अपघातांत मानेला जबर दुखापत होते, जीवही जातो. दोन-चार नटबोल्टांनी बसणारी ती जाळी माळ्यावरून काढून आजच्या आज लावा.

कपड्याचं पथ्य घरच्या बायकांनीही पाळावं. बसण्याआधी पदर पाठीवरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचावा. ओढणीची दोन्ही टोकं पुढे घेऊन बांधावीत. पावसाळ्यात रेनकोटाची आणि इरल्याची टोकंही सांभाळावीत. पिशवी मांडीवर किंवा दोघांच्या मध्ये घ्यावी. चाकाच्या बाजूला लोंबती ठेवू नये.

बसावं कसं, हा नाजूक प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं सर्वांत चांगलं. भार मधोमध राहतो, दोन्ही पायांना आधार मिळतो, गुडघ्यांनी धरता येतं. नऊवारीचा काष्टा घालणाऱ्या बाईला असं बसायला काही अडचण नाही, पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलीलाही नाही. 'लोक काय म्हणतील' एवढीच अडचण असेल तर ती घरच्या वडीलधाऱ्यांनी दूर करावी. सासूबाईंनीच म्हणावं, "सूनबाई, दोन्हीकडं पाय टाकून नीट बस, बाई." मग गाव काही बोलत नाही. ज्यांना गुडघेदुखीमुळे किंवा वयामुळे ते जमतच नाही, त्यांनी एका बाजूला बसायचं तर डाव्या बाजूला बसावं, कारण बहुतेक गाड्यांत तापलेला सायलेन्सर उजवीकडे असतो. पाय साडीगार्डच्या पायरीवर ठेवावेत. उजवा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर किंवा कमरेला, डावा हात मागच्या कडीवर. सारा भार एका अंगाला आलेला असतो हे ओळखून चालवणाऱ्यानं अगदी सावकाश जावं. गाडी एकदम उचलली तर बसणारी मागच्या मागे जाते.

लहान मुलांविषयी थोडं अधिक सांगतो. ज्या मुलाचे पाय फुटरेस्टला पोचत नाहीत त्याचे पाय लोंबकळतात आणि झोप लागली की आऱ्यांत जातात. टाच सोलून निघते, कधी हाडही मोडतं. मूल पुढे टाकीवर बसवणं लाडाचं वाटतं, पण ब्रेक लागला की ते हँडलवर आदळतं आणि चालवणारा त्याच्यावर. कायद्यानंही बसणाऱ्याची जागा चालवणाऱ्याच्या मागेच ठरवलेली आहे. चार वर्षांखालच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू झाला आहे. त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये.

हेल्मेटबद्दल मतभेदाला जागाच नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, कायद्यानं ते लागतं. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना तेवढी सूट आहे. पुष्कळदा चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागे बसलेल्या आईच्या डोक्यावर नुसता पदर. पडताना दोघांची डोकी एकाच डांबरावर पडणार आहेत. घरात गाडी एक असली तरी हेल्मेटं दोन घ्यावीत, आय.एस.आय. शिक्का पाहून घ्यावीत, आणि पट्टा हनुवटीखाली लावावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी उडून जातं.

आता किती ओझं न्यावं? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस नेता येतो. शिकाऊ परवाना असलेल्याला तोही नेता येत नाही. मागे बसायचं ते शिकवणाऱ्यानं. गाडीनं किती किलो ओढावं हेही पुस्तिकेत दिलेलं असतं. पुष्कळ लहान गाड्यांत हा आकडा १३० किलोच्या आसपास असतो, आणि त्यात चालवणाराही आला. ६५ किलोची दोन माणसं बसली की आकडा संपला. त्यावर ४५ किलोची युरियाची गोणी ठेवली तर टायर, स्प्रिंगा आणि ब्रेक तिघांनाही ते झेपणार नाही. गोणीसाठी वेगळी फेरी करावी.

गाडी तयार आहे, माणूस तयार आहे. आता निघण्याची रीत. आधी मागची फुटरेस्ट उघडावीत, साइडस्टँड वर घ्यावं, दोन्ही पाय जमिनीवर रोवून ब्रेक धरून ठेवावा, आणि मगच 'बसा' म्हणावं. बसणाऱ्यानं डाव्या बाजूनं, खांद्यावर हात ठेवून चढावं. "बसलीस का गं?" असं विचारावं आणि "हं, चला" हे उत्तर आल्यावरच क्लच सोडावा. गतिरोधक आला, खड्डा आला, खडी आली की आधी वेग कमी करावा आणि तोंडानं सांगावं, "धर गं, खड्डा आहे." मागचा माणूस मागच्या चाकावर बसलेला असतो, म्हणून खड्ड्याचा खरा दणका त्याला बसतो. चालवणाऱ्याला थोडं उचललं जाणं म्हणजे मागच्याला जागेवरून उडणं. वळणावर बसणाऱ्यानं गाडीबरोबर झुकावं, भीतीनं उलट्या बाजूला कलू नये. गाडी थांबली तरी 'उतरा' म्हणेपर्यंत पाय फुटरेस्टवरून काढू नयेत.

गोव्यात मोटारसायकलवरून भाड्यानं उतारू नेण्याचा परवानाधारक धंदा आहे. पिवळ्या मडगार्डावरून गाडी ओळखू येते आणि चालवणाऱ्याला तिथं 'पायलट' म्हणतात. मागे बसवलेल्या माणसाची जबाबदारी आपली, हे त्या धंद्यात गृहीतच आहे. आपण भाडं घेत नाही, पण जबाबदारी तेवढीच आहे.

काही माणसं मात्र मोटारसायकलवर बसवूच नयेत. चक्कर येणारा, शुद्ध हरपत चाललेला, प्यालेला, कळा सुरू झालेली बाई. अशांना दोघांच्या मध्ये बसवून किंवा ओढणीनं पाठीशी बांधून नेतात. हेतू चांगला असतो, पण वाटेत मान टाकली की दोघंही पडतात. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, गरोदर बाईसाठी १०२ आहे. तोवर गावातली जीप किंवा रिक्षा पाहावी. लग्नाहून किंवा जत्रेहून रात्री परतताना मागच्याला डुलकी लागते. त्याच्याशी बोलत राहावं, आवाज आला नाही तर गाडी थांबवून दोन मिनिटं उतरावं.

शिक्षकांना शेवटी एक काम सुचवतो. शाळा भरताना आणि सुटताना फाटकाशी पाच मिनिटं उभे राहा. कोणत्या मुलाचे पाय लोंबतात, कोणाच्या गाडीला साडीगार्ड नाही, हे दिसेल. पालकाला सर्वांदेखत बोलू नका. मुलालाच विचारा, "पाय कुठं ठेवतोस रे?" ते उत्तर घरी नेईल आणि संध्याकाळी वडिलांना विचारील.

हवा, स्प्रिंग, चेन, ब्रेक, दिवा. फुटरेस्ट, कडी, साडीगार्ड, हेल्मेट. हे पाहायला दहा मिनिटं लागतात आणि खर्च फारसा येत नाही. उद्या सकाळी गाडी बाहेर काढाल तेव्हा किक मारण्याआधी एकदा मागच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तिथूनच गाडी तपासायला लागा.